अमीनचाचांचा खोटा झटका

आमच्या उमरग्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक माणूस दिवेलागणीला मुद्दाम दिवे मंद करायचा, आणि वर पगारही घ्यायचा. अमीनचाचा, आमचे इंजिनवाले.

निजामाच्या राज्यात आमच्याकडं वीज म्हणजे जिनिंगचा डायनामो. त्यावर जिनिंग, मालकांचा बंगला आणि आवारातल्या आम्हा नोकरांच्या खोल्या चालत. इंजिनघरात मिठाच्या पाण्याचं एक लाकडी पीप होतं. साखळीला टांगलेला लोखंडी पत्रा चाचा खळखळत त्यात सोडत. मग ते पीपच निम्मी वीज पिऊन टाकी आणि सगळे दिवे आजारी पडल्यासारखे पिवळे होत. पत्रा वर ओढला की पुन्हा लख्ख. मी तिथं कारकून. रोज वैतागायचो.

"चाचा, कशाला छळता?"

"मुन्शीजी, खरा झटका सांगून येत न्हाय. म्हनून आमी खोटा देतो. बत्तीला सवय पायजे."

एकदा मालकांकडं जिल्ह्याचे तालुकदारसाहेब जेवायला आले. बिर्याणी वाढली आणि ताटातलं काही दिसेना. मालक तणतणत इंजिनघरात आले. चाचा शांत. "हुजूर, साहेबांच्या म्होरं खरीच गेली असती तर? तालीम केली." मालक तसेच पाय आपटत पंगतीला परत गेले.

दिवे मंदावले की समोरच्या खोलीतून चाचींची हाक यायची, "अजी, बत्ती गिरी!" चाचांचा चेहरा खुलायचा. मगच पत्रा वर. मला वाटे, म्हातारपणी काय हा पोरखेळ! शेवटी एकदा चाचांनीच सांगितलं. चाचींची नजर उतरत चालली होती. उजेड कमी-जास्त झालेला कळतोय तोवर घाबरू नका, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते.

"इचारलं तर दिसतं म्हनती. मला बरं वाटावं म्हनून. त्यापरीस बत्ती पाडतो. बत्ती झूट बोलत न्हाय."

पुढं एका संध्याकाळी पाणी बदलायला पीप रिकामं केलेलं होतं. मी काहीतरी विचारायला इंजिनघरात गेलो होतो. चाचा पत्र्याचा गंज खरवडत होते. हातातून साखळी सुटली आणि पत्रा खळखळत कोरड्या पिपात गेला. दिव्यांना काहीच झालं नाही. लख्ख होते.

समोरून हाक आली, "अजी, बत्ती गिरी!"

मी दिव्याकडं पाहिलं. चाचांनीही पाहिलं. मला तिथं उभं राहवेना, पण निघताही येईना.

"हौ, गिरी," चाचा ओरडून म्हणाले. "अब्बी चढातूं."

त्यानंतर चाचांनी ते पीप कधी भरलं नाही. आमचे दिवे पुन्हा मंदावले नाहीत. मालक खूश होते. मला मात्र तो उजेड बघवत नसे.

कारण चाचा रोज दिवेलागणीला रिकाम्या पिपात पत्रा सोडत राहिले. समोर नीट ऐकू जावं म्हणून साखळी जरा जोरानं सोडायचे, आणि हाकेची वाट बघत उभे राहायचे.