तांब्याच्या कड्याबाबतचा ठराव

गृहनिर्माण संस्थेची गच्ची सर्व सभासदांच्या समान मालकीची असते, म्हणजेच तिथे कोणालाही काहीही करता येत नाही. नवीन जालन्यातल्या चोवीस फ्लॅटांच्या एका सोसायटीत हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळलं जाई, की गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या उमाने आपला अँटेना बाल्कनीत उभा केला. तिने हौशी रेडिओची परीक्षा दिली होती, केंद्र सरकारचा परवाना मिळवला होता. (संस्थेकडे गच्चीसाठी केलेला अर्ज अद्याप विचाराधीन आहे.) उंच खांब नाही, लांब तार नाही, तेव्हा तिने एसीवाल्याकडून तांब्याची नळी आणली, खाली अंगणातल्या पाण्याच्या टाकीभोवती वाकवून मीटरभर रुंदीचं कडं केलं आणि त्याच्या उघड्या तोंडाशी जुन्या रेडिओतला स्टेशन बदलायचा कंडेन्सर जोडला. एका रविवारी सकाळी त्या कड्यातून श्रीलंकेतल्या एका गृहस्थाने तिला नाव विचारलं. नाव सांगेपर्यंत गॅसवरचे पोहे करपले. ते तिने आनंदाने खाल्ले.

महिनाभरात संस्थेकडे एकोणीस लेखी तक्रारी आल्या. डोकेदुखी आठ, मोबाईलची रेंज जाणे सहा, दूध नासणे तीन, किरकोळ दोन. (डोकेदुखीची एक तक्रार पुण्यात राहणाऱ्या फ्लॅटमालकाची होती. संस्था अंतरावरून भेदभाव करत नाही.) कडं काढायचं की ठेवायचं हे ठरवायला सभा लागली.

उमाचीही एक तक्रार होती, पण ती लेखी नव्हती. अलीकडे रेडिओत सारखी घरघर येई आणि लंकेचे गृहस्थ तिच्यात बुडून जात. अशा कड्याचा एक गुण असतो: ते फिरवत गेलं की एका बाजूला घरघर मंदावते, आणि ती कुठून येते याचा माग लागतो. उमा कडं खांद्याला अडकवून, रेडिओ हातात घेऊन मजलोमजली हिंडली. माग प्रत्येक घरात फ्रिजच्या मागे गेला. तिथे ‘वीज बचत यंत्र’ होतं. अध्यक्ष राधाकिसनरावांनी दिवाळीत सगळ्यांना आग्रह करकरून बसवायला लावलेलं, पांढरी डबी, वर हिरवा दिवा. उमाच्या घरातही होतं. तिने ते खोललं. आत दिवा होता आणि दिवा पेटता ठेवण्याची हलक्या प्रतीची जोडणी. घरघर त्या जोडणीची होती. बचत कुठेच सापडली नाही.

सभेत तिने उघडी डबी सर्वांसमोर ठेवली. राधाकिसनरावांनी चष्मा लावून ती शांतपणे पाहिली.

“ताई, आत काय हाय ते आम्ही कधी पाह्यलंच न्हाई. बाहेर दिवा लागून राह्यला म्हणजे काम बराबर चालू हाय. तुमच्या कड्याला दिवा कुठाय?”

उमा दोन वह्या भरून तयारी करून आली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

“त्याला दिवा लागत न्हाई, भाऊ.”

“मंग ते चालू हाय का बंद, आम्हाला कसं कळावं?”

यावर सभेत समाधानाची कुजबुज झाली. ठराव असा झाला: (एक) यंत्रे अखंड चालू ठेवावीत. (दोन) कड्यास हिरवा दिवा बसेपर्यंत ते धोकादायक समजावे. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात उमाचाही हात होता, कारण कडं वाचत होतं.

सोमवारी तिने कड्यावर हिरवा दिवा लावला. तो सेलवर चालतो आणि कशालाही जोडलेला नाही. त्या आठवड्यात सगळ्यांची डोकेदुखी थांबली, पुण्याची धरून. दोघांनी तर आपल्याही बाल्कनीत तसंच कडं मिळावं म्हणून अर्ज केले. यंत्रे ठरावाप्रमाणे अखंड चालू असल्याने घरघर मात्र आता चहूबाजूंनी येते. कडं कुठेही फिरवा, ती हटत नाही. लंकेचे गृहस्थ रविवारी अजून बोलतात. उमाला निम्मंच ऐकू येतं, उरलेल्याला ती अंदाजाने हो म्हणते.

राहिली एक किरकोळ नोंद. सभा सुटल्यावर जिन्यात पाच सभासदांनी उमाला वेगवेगळं गाठलं आणि इकडे-तिकडे पाहून हळूच सांगितलं, “मॅडम, बराबर तर तुमचंच होतं.” सभेत यांपैकी कोणी बोललं नव्हतं. इथवर वाचताना तुम्हीही तिच्याच बाजूने होता, हे उघड आहे. जिन्यात थोडं सरकून घ्या, तुम्ही सहावे.