शिफारसपत्राची वाफ

"मला या जगात कोणी गंडवू शकत नाही!" असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. घरात तिला 'तपासनीस' म्हणत, ते काही उगाच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी केलेली मोजमापंसुद्धा ती पुन्हा करून बघायची. त्यात सर तीनदा चुकलेले निघाले होते, तेही सगळ्या वर्गासमोर!

आता त्याच सरांनी तिला शिफारसपत्र दिलं होतं. बंद पाकीट, चिकटवलेल्या जागेवर सही. उद्या ते अर्जासोबत विद्यापीठात द्यायचं, नाहीतर सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागायचं. काय ते आजच ठरवणं भाग होतं.

"देताना हसले गं ते!" ती आईला म्हणाली.

"मग काय रडत द्यायचं होतं?"

"तसं नाही गं. सूड उगवला असणार! 'हिला दारातसुद्धा उभी करू नका' असं लिहिलं असेल तर? त्यापेक्षा चष्मे विकलेले बरे!"

आई हळूच म्हणाली, "किटलीत पाणी ठेवू?"

वाफेवर पाकीट सुटलं खरं, पण सहीची शाई पार ओघळली. पत्र वाचायचं राहिलं बाजूला; ती शाई पुसायला गेली तर डाग पसरला. वाळवायला इस्त्री फिरवली तर पाकीट करपून धुमसायलाच लागलं! तेवढ्यात बाबा आले आणि "काय जळतंय?" म्हणत त्यावर तांब्याभर पाणी ओतून मोकळे झाले.

"संपलं माझं शिक्षण!" ती रडकुंडीला आली.

आईने आतला ओला कागद अलगद उलगडला. पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी शाबूत होत्या.

"उघडलंसच ना! खरं पत्र माझ्या टेबलावर आहे, येऊन घेऊन जा. दिसेल त्या गोष्टीवर शंका घेणाऱ्या मुलीने एक वर्षही वाया घालवू नये. सरळ पुढे शिकायला जा."

तिचे डोळे भरून आले. एवढा मनाचा मोठा माणूस, आणि आपण त्याच्यावर संशय घेतला! तिने तिथल्या तिथे चष्मेवाल्याला फोन करून नकार कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरं पाकीट घेऊन घरी आली. ते टेबलावर ठेवलं. उचलून उजेडात धरलं. परत ठेवलं.

"आज तर ते जास्तच हसले गं," ती म्हणाली.

आईने किटली केव्हाच ठेवली होती. इस्त्री मात्र कपाटात, कुलपात होती.