पहिल्या हसण्याचं जेवण

गेल्या उन्हाळ्यात उंद्रीच्या रामभाऊ नानांनी जाहीर केलं, की त्यांच्या नातीला जो पहिल्यांदा हसवील, त्याने गल्लीला जेवण द्यायचं.

नाना माझे शेजारी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. पत्नी गेल्यावर एकटे होते. मोबाईलवर त्यांना अमेरिकेतले नावाहो आदिवासी सापडले, मग त्यांचे शब्द. ‘के’ म्हणजे नातं. ओळख सांगताना तिकडे आधी आईचं कुळ सांगतात. बँकेत नाव विचारलं तर नाना म्हणाले, “मायकडून दुसरबीडचा, बापाकडून उंद्रीचा.” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, आधार कार्ड द्या.” ‘होझो’ म्हणजे सगळं सुरळीत असणं. नळाला पाणी आलं की “होझो!” मोटर बंद पडली की “होझो गेला बे!”

जेवणाची रीतही तिकडचीच. पहिल्यांदा हसवणारा जेवण घालतो, म्हणजे बाळ उदार निघतं.

परिणाम उलटा झाला. बाळ बघायला येणारे तोंड आवळून येऊ लागले. समोरच्या कमलाबाई म्हणाल्या, “पाहून जातो, पण हासवत नाई बापा. आमच्या घरी लग्न हाये.”

नानांची मुलगी मनीषा बाळंतपणाला आली होती. बाळ वेळेआधी जन्मलेलं. काचेच्या पेटीत राहिलेलं. अजून हसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, वाट पाहा. मनीषाला झोप नव्हती.

“बाबा, काऊन असं केलं? माह्या लेकराकडे कोनी हासून पाहत नाई.”

नाना त्याच पावली बाहेर आले. “जेवन माह्याकडे! कोनीबी हासवा!”

गल्ली कामाला लागली. खुळखुळे वाजले, माकडचेष्टा झाल्या, कमलाबाई पदर खोचून नाचल्या. बाळ सगळ्यांकडे शांतपणे बघत राहिलं.

एका दुपारी मनीषा आणि मी ओट्यावर बसलो होतो. आत नाना बाळाला मांडीवर घेऊन त्याची ओळख सांगत होते.

“तू मायकडून उंद्रीची, बापाकडून बीबी गावची. अन् तुह्या मायची माय... शांता.”

पत्नी गेल्यापासून हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढचं बोलताना त्यांना मोठी उचकी लागली.

बाळ हसलं.

नानांना पुन्हा उचकी आली. बाळ खळखळून हसलं. मनीषा आत धावली आणि दारातच बसून रडू लागली.

“नाना, याले नावाहोत काय म्हनतात?” मी विचारलं.

“आठवून नाई राह्यलं,” नाना म्हणाले.

रविवारी जेवण झालं. वाढायला गल्लीतली मुलं होती. पंगत उठेपर्यंत नानांनी बाळ खाली ठेवलं नाही.