गोळेवाले गुरुजी

हिंमत गुरुजींनी एकदा आपल्या रजेचा अर्ज गोळ्यात लिहून पाठवला. कागदाच्या मधोमध भला मोठा गोळा, त्यात ‘ताप’. त्या गोळ्याला फुटलेले पाच फाटे. एका फाट्याच्या टोकाला ‘कधीपासून – सोमवार’, दुसऱ्याला ‘किती – हात लावला तर चटका’, तिसऱ्याला ‘औषध – काढा, गोळी, पुन्हा काढा’, चौथ्याला ‘वर्गाचं काय – शेजारचे सर बघतील’ आणि पाचव्याला ‘भावना – वाईट वाटतं’.

शेजारचे सर म्हणजे मी. ते वाईट वाटणं मात्र गुरुजींचं होतं, माझं वेगळं.

तालुक्याच्या कचेरीत तो अर्ज चार टेबलं फिरला. पहिल्या टेबलाने तो विहिरीचा नकाशा समजून पाणीपुरवठ्याकडे पाठवला. तिथे कोणाला तो खेकडा वाटला, म्हणून तो पशुसंवर्धनाकडे गेला. रजा मंजूर होऊन आली तेव्हा गुरुजींचा ताप उतरून सहा महिने झाले होते. मंजूर झालेली रजा वाया जाऊ नये म्हणून ते बिचारे पुन्हा आजारी पडले. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायला गुरुजींनी जागाच ठेवलेली नाही.

आमची शाळा खांडबाऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्या, दोन मास्तर. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मी नवापूरहून रोज मोटरसायकलने येतो. गुरुजी मूळचे तापीकाठच्या ब्राह्मणपुरीचे. इथे शाळेमागेच एक खोली भाड्याने घेऊन राहतात. बाकी सगळे मास्तर ‘सर’ झाले, हे एकटे गुरुजीच राहिले. पोरं मात्र त्यांना ‘गोळेवाले गुरुजी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि गुरुजी ‘ओ’ देतात.

हे गोळ्यांचं वेड लागलं एका प्रशिक्षणात. लहान मुलांना लिहायला शिकवायचं तर आधी चित्रात मांडायला शिकवा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मधे विषय, भोवती मुद्दे. दोन गोष्टींची तुलना असेल तर एकमेकांत घुसलेले दोन गोळे. गोष्ट असेल तर तीन चौकटी: सुरुवात, मध्य, शेवट. आम्ही साठ मास्तर होतो. आम्ही एकोणसाठ जण चहा-बिस्किटं घेऊन घरी गेलो. गुरुजींनी ते खरं मानलं.

‘भो,’ परतताना ते गाडीवर माझ्या कानात अहिराणीत ओरडले, ‘पोऱ्हेस्ना डोकामा समदं भरेल शे. फक्त कागदवर उतरानं ऱ्हायनं!’

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेरू कालवला. आठवड्यात वर्गाच्या चारही भिंती गोळ्यांनी भरल्या, पंधरवड्यात व्हरांड्याची फरशी. भिंती संपल्यावर त्यांनी शेजारच्या म्हशीच्या अंगावर खडूने तीन चौकटी काढल्या. तोंडाकडे सुरुवात, पोटावर मध्य, शेपटीकडे शेवट. ‘म्हैस उलटी चालत नही, म्हनीसन गोष्टबी उलटी व्हत नही,’ हा त्यांचा सिद्धांत. ती म्हैस गोष्ट घेऊन नदीवर गेली आणि कोरी होऊन परत आली. त्या दिवशी तिने रोजच्यापेक्षा अर्धा लिटर दूध जास्त दिलं, असं म्हशीचा मालक अजून सांगतो. मी त्याला खोटं पाडत नाही.

एका हिवाळ्यात सारंगखेड्याच्या यात्रेत ते भावासाठी घोडा बघायला गेले. दोन घोडे पसंत पडले. गुरुजींनी वही काढली, दोन गोळे एकमेकांत घुसवले. इकडे या घोड्याचे गुण, तिकडे त्या घोड्याचे, मधे दोघांचे सारखे. तुलना अशी चोख झाली की गोळे भरून होईपर्यंत दोन्ही घोडे विकले गेले. ज्यांनी घेतले त्यांनी जाताना गुरुजींच्या खांद्यावरून वहीत डोकावून खात्री करून घेतली होती.

पण गुरुजींची खरी गंमत भाकरीची.

प्रशिक्षणातल्या बाईंनी परिच्छेद शिकवायला बर्गरचं चित्र दिलं होतं. वरचा पाव म्हणजे पहिलं वाक्य, मधलं सारण म्हणजे माहिती, खालचा पाव म्हणजे शेवटचं वाक्य. आमच्या पोरांनी बर्गर पाहिलेला नाही. गुरुजींनीही पाहिलेला नाही. म्हणून त्यांनी फळ्यावर दोन भाकरी काढल्या आणि मधे चटणी. चौथीतली सात पोरं ते चित्र बघत राहिली.

‘गुरुजी, दोन भाकरी एकावर एक ठेवून कोण खातं?’

‘कोणी नाही. पण समज, खातं.’

‘आमच्यात एकच असते. वर चटणी.’

‘बरं, समज की दोन आहेत.’

‘मग खालची कोणाची, गुरुजी?’

त्या दिवशी सातही पोरांनी ‘गाय’ लिहिली, आणि सातही गायी अर्ध्यात थांबल्या. ‘गाय दूध देते. गायीला चार पाय असतात. गायीला शेपटी असते.’ बस. गुरुजींनी विचारलं, शेवटचं वाक्य कुठे गेलं? पोरं म्हणाली, ‘संपलं गुरुजी. एकच भाकरी होती.’

गुरुजी इतके हसले की माझ्या वर्गातली पहिली घाबरून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालची भाकरी पुसून तिथे पळसाच्या पानांची पत्रावळ काढली. ‘वर भाकरी, मधे चटणी, खाली पत्रावळ. पत्रावळ नसेल तर सगळं मातीत.’ हे मात्र पोरांना क्षणात पटलं. तेव्हापासून एकाही गायीला शेवटाविना उभं राहावं लागलेलं नाही.

आणि तेव्हापासून ‘पत्रावळ टाक’ हा गुरुजींचा मंत्र झाला. कोणाचं बोलणं लांबलं की, ‘पत्रावळ टाक रे भो!’ गावातल्या एका लग्नात एक पुढारी तासभर आशीर्वाद देत होते. मागून गुरुजी ओरडले, ‘साहेब, पत्रावळ टाका आते!’ सगळा मांडव उठून जेवायला पळाला. नवरा-नवरीसुद्धा. पुढारी माइकशी एकटेच राहिले.

आता हे चाललं होतं ते ठीक चाललं होतं. पण एक दिवस शाळा तपासायला साहेब आले. साहेब व्हरांड्यात थबकले, खाली बघितलं आणि म्हणाले, ‘ही काय रांगोळी आहे?’

‘लेखनाची पूर्वतयारी, साहेब,’ गुरुजी म्हणाले.

‘आणि भिंतीवर?’

‘तीच.’

‘छतावर नाही काढलं?’

‘शिडी भेटनी नही, साहेब.’

साहेबांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. गुरुजी तर मनापासून हळहळत होते. साहेबांनी सुनावलं, भिंती म्हणजे काही गिरवायच्या पाट्या नव्हेत. चुना मारा, सुविचार लिहा. गुरुजींनी हात जोडले. खूप हुज्जत झाली. शेवटी साहेब म्हणाले, ‘पुढच्या खेपेला मी आयत्या वेळी विषय देईन. चौथीच्या सातही मुलांनी स्वतःच्या मनाने दहा-दहा वाक्यं लिहिली तर तुमचे गोळे राहतील. सहा जणांनी लिहिली तरी चालणार नाही. सात.’

सातवी म्हणजे रविता.

रविता गोळे भरायची. असे भरायची की गोळ्याबाहेर शब्द सांडायचे. गुरुजींचा नियम होता, गोळ्यात घरच्या बोलीतलं लिहिलं तरी चालेल; वाक्य करताना मराठी करू. रविताच्या गोळ्यात तिची बोली, गुरुजींची अहिराणी आणि पुस्तकातली मराठी शेजारी शेजारी नांदायची. पण वाक्य लिही म्हटलं की पेन्सिल तोंडात. ती गायसुद्धा तिने शेजारणीच्या वहीतून उतरवली होती; स्वतःच्या मनाचं एकही वाक्य वर्षभरात लिहिलं नव्हतं. तिचे आईबाप ऊस तोडायला गुजरातेत, ही आजीजवळ. बोलायचीही बेतानेच.

‘गुरुजी, सहा पोरांवर भागवा,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी रविताला घरी ठेवू. आजी आजारी म्हणू.’

गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला चिकटलो. ‘कणगी भरेल शे रे भो,’ ते म्हणाले. ‘दार उघडानं ऱ्हायनं. तू कणगीलेच घरी बसाडस?’

महिनाभर त्यांनी तिच्यापुढे एकच धोशा लावला: ‘जे डोळ्याने पाहिलं तेवढंच लिही. इतरांनी सांगितलेलं नको, पुस्तकातलं नको. पाहिलेलं.’ रविता मान हलवायची आणि पेन्सिल चावायची. त्या महिन्यात तिने तीन पेन्सिली खाल्ल्या. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी गुरुजी चुन्याचं पोतं कुठे मिळतं याची चौकशी करून आले.

साहेब आले. गुरुजींना त्यांनी व्हरांड्यात उभं केलं, मला वर्गात. फळ्यावर विषय लिहिला: ‘माझे गुरुजी’.

पोरांनी ‘माझी आई’, ‘माझा आवडता प्राणी’, ‘झाड’ असं सगळं घोटून ठेवलं होतं. हा विषय कोणीच घोटला नव्हता. सात कागदांवर सात गोळे उमटले. व्हरांड्यात गुरुजी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभे. जाळीचे चौकोन त्यांच्या नाकावर उठले होते. सहा पोरं लिहू लागली. रविताने गोळा भरला, फाटे काढले, फाट्यांना फाटे काढले, आणि पेन्सिल तोंडात घातली. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी देवांची नावं घेतली. सगळी संपली तेव्हा पोषण आहारवाल्या मावशीचंही घेतलं.

मग पेन्सिल तोंडातून निघाली. आणि रविता लिहायला लागली ती मान वर न करता.

साहेबांनी तिचाच कागद आधी उचलला आणि मोठ्याने वाचला:

‘गुरुजी उंच आहेत. त्यांच्या खिशात खडू असतो. त्यांचा शर्ट पाठीमागे पांढरा असतो. गुरुजी अर्धी भाकरी खातात आणि अर्धी कुत्रीला देतात. गुरुजी रविवारी शाळेत येतात. कुलूप उघडतात. आमच्या जागेवर बसतात. सगळ्यांची हजेरी घेतात. कोणी हजर म्हणत नाही. गुरुजी एकटे असतात.’

दहा वाक्यं. साहेबांनी बोटावर मोजली आणि ती बोटं तशीच राहिली.

मी चमकलो. कारण दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मीच गुरुजींना माझ्या गाडीवरून खांडबारा स्टेशनवर सोडायचो. ‘गाव जाई ऱ्हायनू भो, भाऊस्मा.’ आणि सोमवारी ते रविवारचं वर्णन करायचे: भावांचं भरलं घर, वांग्याचं भरीत, पुतण्यांची मारामारी, वहिनींचा आग्रह, पपईचा मळा. मीही ते इतरांना मीठ-मसाला लावून सांगायचो. गुरुजींच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला होता. पण गावी भाऊ आहेत, मजेत आहेत, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे ते स्टेशनवर मला हात करायचे, आणि मी दिसेनासा झालो की जीपमध्ये बसून मागे फिरायचे. अकरा वर्षं मी या माणसाच्या गोष्टी सांगत आलोय, आणि मला एवढं दिसलं नव्हतं.

गुरुजी आत आले. त्यांनी साहेबांच्या हातातून कागद घेतला, चष्मा वर केला, वाचला.

‘शेवटचं वाक्य चुकीचं आहे,’ ते म्हणाले.

‘अहो, राहू द्या,’ साहेब घाईघाईने म्हणाले.

‘राहू कसं द्या? रविता, इकडे ये. तू हे डोळ्याने पाहिलं?’

रविताने मान हलवली.

‘कुठून?’

तिने खिडकीकडे बोट केलं.

‘दर रविवारी?’

पुन्हा मान हलली.

‘मग मी एकटा कसा, माय?’ गुरुजी म्हणाले. ‘तू ऱ्हास ना तठे.’

रविता विचारात पडली. मग कागद घेऊन खाली बसली, शेवटचं वाक्य खोडलं, आणि त्याखाली लिहिलं: ‘मी खिडकीत असते.’

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. एकच ओळ होती: भिंतींना हात लावू नये. सही मात्र इतकी वाकडी, की साहेबांची आहे हे कचेरीत सिद्ध करावं लागेल.

त्या शनिवारी शाळा सुटली. गुरुजी नेहमीसारखे पिशवी घेऊन मागे बसले. फाट्यावर मी गाडी खांडबाऱ्याकडे न वळवता नवापूरकडे वळवली.

‘अरे भो, स्टेशन तिकडे शे!’

‘गाडी गेली, गुरुजी,’ मी म्हणालो. ‘आज आमच्याकडेच मुक्काम. बायकोने भरीत केलंय.’

त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली आणि माझा खांदा धरला.

रेल्वेला अजून दीड तास होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.