जोडीचं व्हाउचर

लाखनीच्या बाजारात तुम्ही काही घ्यायला गेलात आणि खिशातून नोटा काढल्यात, की कुठून तरी एक हात येतो आणि तुमच्या हातावर पडतो. "थांबा. माह्या कार्डानं मारतो. पैसे मले द्या." हा हात दिवाकरभाऊ चोपकरांचा. नवा माणूस दचकतो आणि पाकीट घट्ट धरतो. आम्ही जुने लोक मुकाट्यानं नोटा त्यांच्या हातात ठेवतो. भाऊ कार्ड मशीनला लावतात, मशीन 'टुं' करतं आणि भाऊंच्या चेहऱ्यावर देवापुढे नारळ फोडल्याचं समाधान पसरतं.

भाऊंचं हायवेवर पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. त्याला लागून माझं मेडिकल. मधली भिंत इतकी बारीक, की माझ्याकडे कोणी खोकल्याचं औषध मागितलं तर पलीकडून आवाज येतो, "मॅडम, कॅश नोका घेऊ, मी आलो." मग भाऊ हातातला पाना तसाच घेऊन येतात आणि दुसऱ्याच्या खोकल्यावर स्वतःचे पॉइंट कमावून जातात.

हे पॉइंट म्हणजे विमानाचे. कार्डानं जितका खर्च तितके पॉइंट, आणि पुरेसे पॉइंट जमले की विमानाचं तिकीट. बँकेच्या कुठल्या तरी पोरानं हे कार्ड त्यांच्या गळ्यात घातलं आणि तो बिचारा बदली होऊन गेला. मागे भाऊ राहिले. आंधळगावला मावसभावाच्या तेरवीत सगळे डोळे पुसत होते, तेव्हा हे मांडववाल्याला बाजूला घेऊन विचारत होते, "मशीन आणली का?" त्यानं नाही म्हटलं. त्या दिवशी भाऊंना खरं वाईट वाटलं ते तेव्हा, असं त्यांचा धाकटा भाऊच सांगतो.

त्यांची भाषाही या नादात बदलली. पंगतीत कोणी भातावर जास्तीचं तूप वाढलं, की "हे अपग्रेड झालं." एसटीत ड्रायव्हरमागची जागा मिळाली, तेही अपग्रेड. कोणी जेवायला बोलावलं तर हे विचारतात, "अटी काय?" म्हणजे मटण आहे की नाही. आणि गंमत अशी, की हा माणूस तोवर विमानात एकदाही बसलेला नव्हता. विमान त्यांनी पाहिलं ते शेताच्या बांधावरून, मान वर करून.

गेल्या वर्षी दिवाळीत भाऊ धापा टाकत माझ्या काउंटरशी आले. "मॅडम, व्हाउचर आलं." कार्ड कंपनीनं त्यांना अपग्रेडचं व्हाउचर दिलं होतं. पॉइंटवर घेतलेल्या तिकिटांनाही ते चालणार होतं. नवराबायकोची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असली, की दोघांनाही मागच्या साध्या जागांवरून उचलून पुढच्या भारी जागांवर बसवणार. मुदत होळीपर्यंत. त्यानंतर व्हाउचर म्हणजे नुसता मोबाइलमधला फोटो.

आता एकाच विमानात पॉइंटवर दोन जागा मिळणं म्हणजे लग्नसराईत चांगला आचारी मिळण्यासारखं. भाऊ गिऱ्हाइकाला पाइप मोजून देताना मोबाइल बघायचे आणि पाइप चुकवायचे. शेवटी एकदाच्या जागा दिसल्या, पण मोबाइल बघून बघून त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली. म्हणून बुकिंग माझ्या फोनवरून झालं.

"दिल्लीच काहून?" मी विचारलं. "दिल्लीत कोणी आहे का?"

"कोणीच नाही."

"काही पाहाचं आहे?"

"नाही. मुंबईपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतेत."

मला वाटलं, भाऊ व्यापारी माणूस, पुरेपूर वसुली करणारच. फोनवरच्या मुलीनं सोबतच्या प्रवाशाचं नाव विचारलं. भाऊ म्हणाले, "घरचे आहेत." ती म्हणाली, घरचे कोण? "आमच्याच घरचे." तिनं तिसऱ्यांदा विचारल्यावर भाऊंचे कान लाल झाले आणि त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "मॅडम, तुम्ही सांगा." मग मी सांगितलं, मंदा दिवाकर चोपकर. भाऊ तेवढा वेळ रस्त्यावरचे ट्रक बघत होते.

खरा गोंधळ पुढे झाला. चोपकरांचं घर अकरा माणसांचं, आणि त्या घराला वेगवेगळं काही करायची सवय नाही. भाऊ मोटारसायकलवर मंदावहिनींना घेऊन निघाले तर मध्ये पुतण्या असतो. पुतण्या नसला तर भाऊंची आई, आणि कोणीच नसलं तर पाइप जोडायच्या एल्बो-सॉकेटचं पोतं. वरठीहून नागपूरला रेल्वेनं जायचं तर वहिनी बायकांच्या डब्यात. हिवाळ्यात नाटकाला गेले तरी मांडवात बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे. अशा घरात भाऊंनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, की आम्ही दोघं विमानानं जाऊन राहिलो.

आई म्हणाली, "जागा कमी असन तं मी खाली मांडी घालून बसीन." धाकटा भाऊ म्हणाला, "माह्या पोराले मांडीवर घेऊन जा." पोरगा नववीत आहे. पण या सगळ्यांवर कडी वहिनींनी केली. त्या म्हणाल्या, "मी एकटी नाही जात."

"एकटी कुठं? मी आहो न."

"तुम्ही आहा, पण बोलाले कोणी पायजे न."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या काउंटरवर. "मॅडम, तुम्ही चाला. तुम्ही आल्या तं मी येतो. नाही तं ह्यांचं व्हाउचर जाऊ द्या चुलीत."

मला हौस नव्हती असं नाही. मी माझ्या पैशानं तिकीट काढायलाही तयार होते. पण भाऊ पाना हातात घेऊन धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. "जमत नाही मॅडम. नियम आहे. जोडीचंच व्हाउचर आहे. तिसरं माणूस घेतलं का रद्द होते." हेच त्यांनी आईला सांगितलं होतं, भावाला सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, मग राहिलं. होळी जवळ येत होती आणि भाऊंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. एका गिऱ्हाइकानं माझ्या काउंटरवर चक्क रोख पैसे दिले, तरी भाऊंचा हात आला नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

बुकिंगवाल्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच. मी लावला. म्हटलं, काही तरी सवलत निघेल. ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तिसरा प्रवासी येऊ शकतो मॅडम. व्हाउचरला काहीही होणार नाही. असा कुठलाच नियम नाही." मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

मी तणतणत भाऊंच्या दुकानात गेले. ते पाइप कापत बसले होते.

"भाऊ, खोटं काहून बोलले? मी नको असेन तर सरळ सांगायचं."

त्यांनी करवत खाली ठेवली. बाहेर कोणी आहे का ते पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, त्या कापलेल्या पाइपाच्या तोंडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मॅडम, तसं नाही जी. विमानात मागं एका वळीत तीन सीटा रायतेत. पुढं दोनच."

मला कळेना. "मग?"

"दोनच, मॅडम. मधात कोणी येत नाही." मग पाइपातला कीस फुंकून म्हणाले, "लग्न झालं तवापासून तिच्या बाजूले निवांत असा बसलोच नाही. मांडवात बसलो तेवढंच. सत्यनारायणाले बसलो, तं भटजी बोलू देत नाही."

मला हसू आलं, ते मी आवरलं. इतकी वर्षं या माणसानं अख्ख्या बाजाराची बिलं भरली, लोकांच्या खोकल्यावर, तापावर, तेरवीवर डोळा ठेवला, तो याच्यासाठी. विमानाशी त्याला देणंघेणंच नव्हतं. दिल्लीशी तर नव्हतंच. ती दहा मिनिटं मला आत्ता समजली.

"तिले नोका सांगू," भाऊ म्हणाले. "हसन ते."

संध्याकाळी मी वहिनींना गाठलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, खरंच आहे का हो तसा नियम?"

"आहे," मी म्हटलं. "मी स्वतः फोन करून विचारलं. तिसरं माणूस अजिबात चालत नाही. जोडीनंच जावं लागते, नाही तर दंड आहे." दंडाचं मी माझ्या मनानं घातलं. चोपकरांच्या घरात नियमाला कोणी विचारत नाही, पण दंडाला भितात. वहिनींनी त्याच रात्री पेटीतून जांभळं लुगडं काढलं.

ते गेले. येताना रेल्वेनं आले, कारण पॉइंट जाण्यापुरतेच होते. भाऊ दुकानात येऊन नेहमीसारखे बसले. मी भिंतीपलीकडून विचारलं, "दिल्ली कशी आहे भाऊ?" उत्तर आलं, "गर्दी आहे." याउपर त्यांनी दिल्लीबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

वहिनी मात्र दुपारी सावकाश माझ्याकडे आल्या, स्टुलावर बसल्या. विमान वर चढताना खुर्ची घट्ट धरली, विमानातल्या पोरीनं ओला गरम रुमाल दिला तो खायचा की काय कळेना, हे सगळं सांगून झालं. मग पदरात तोंड धरून हसायला लागल्या.

"हे तं अर्धा रस्ता काहीच बोलले नाही, मॅडम. नुसते समोर पाहून बसले. मले वाटलं भेव लागलं. मंग मधातच मले म्हणतेत, तुले भाजी कोण्ती आवडते?"

"मग?"

"मी म्हटलं, हे काय विचारणं आहे?" हसता हसता त्या थांबल्या. "सासूले काय आवडते मले मालूम आहे. पोराईले, देराले, सगळ्याईले काय आवडते मालूम आहे. पण माहं मले सांगताच येईना. मले कोणी विचारलंच नव्हतं न कधी. मी म्हटलं, थांबा, आठवतो. आठवतच होतो, तं ते पोरगी म्हणे पट्टा बांधा. अन् उतरलंच विमान."

मी त्यांना चहा मागवला.

नंतर आठवडाभरानं औषधांचा ठोकवाला बिलाचे पैसे न्यायला आला. मी गल्ल्यातून नोटा काढल्या, आणि माझ्या हातावर तो ओळखीचा हात पडला.

"थांबा मॅडम. कार्डानं मारतो."

"आता कायले भाऊ? झालं न विमान."

मशीननं 'टुं' केलं. भाऊंनी कार्ड पुसून खिशात ठेवलं. "उत्तर राहिलं न तिचं."

"अहो, मग घरी विचारा की."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी भलतंच बोलले. "घरी? सगळ्याईसमोर?" मग नोटा मोजायचं सोडून, हायवेपलीकडच्या मोकळ्या आभाळाकडे बघत ते म्हणाले, "दिवाळीत नवं व्हाउचर येऊन राहिलं. तोवर आठवन तिले."