चौदाव्या विभागातल्या चार खुर्च्या

"पाचव्या डावानंतर मॅच बंद पडली, आणि इथं नऊ डाव? उरलेले चार काय चिलटं खेळली?"

इमिल ह्राबाक वहीत नाक खुपसून स्वतःशीच पुटपुटत होता. त्याची मुलगी मार्लीन त्याच्या पाठीमागे उभी राहून कॉफी ओतत होती. ते शब्द तिच्या कानावर पडले आणि कॉफी मग सोडून ओट्यावर वाहू लागली.

जूनमध्ये एरी सरोवरातून चिलटांचे ढग उठतात, हे काठावरच्या पोर्ट हॅलाम गावात कुणाला सांगावं लागत नाही. गेल्या शनिवारी तर ती इतकी उतरली की फलंदाजाला चेंडू दिसेना, पंचाला फलंदाज दिसेना आणि पाचव्या डावानंतर सामना गुंडाळावा लागला. गावभर झाली होती ही बातमी. कळली नव्हती ती फक्त एकाला. त्या शनिवारी प्रेक्षकांच्या चौदाव्या विभागात, 'क' रांगेत बसून वही भरायची पाळी ज्याची होती, त्या कर्टिसला. म्हणजे मार्लीनच्या नवऱ्याला. त्याने शुक्रवारचं पान समोर ठेवून, चार आकडे इकडचे तिकडे करून, नऊच्या नऊ डाव साग्रसंगीत खेळवले होते आणि शेवटी बगळ्यांना जिंकवलंही होतं.

बगळे म्हणजे गावचा बेसबॉलचा संघ, हेरन्स. एके काळी बगळ्यांचा सामना असला की न्हाव्याचं दुकानसुद्धा अर्ध्या दाढीवर बंद व्हायचं. आणि वही म्हणजे इर्माची वही. इर्मा इमिलची बायको. ही पद्धत तिनेच पाडलेली. घरच्या मैदानावर सामना असेल त्या दिवशी आपल्या चार खुर्च्यांपैकी एकीवर बसायचं आणि चौकटी-चौकटींच्या त्या वहीत एकेक चेंडूचा हिशोब पेन्सिलीने मांडायचा. खोडायचं मात्र नाही. चुकलं तर शेजारी बारीक अक्षरात 'चुकलं' असं लिहायचं आणि पुढे जायचं. अशा एकतीस वह्या कपाटात होत्या. तीन वर्षांपूर्वी, मोसम सुरू व्हायच्या आदल्या महिन्यात, बत्तिसावी तिच्या हातून कोरीच राहिली.

तेव्हापासून त्या घरात एक ठरावीक शब्द कुणी उच्चारला नव्हता. "इर्माला खोडलेलं चालत नाही," "आईला हॉटडॉगवर मोहरीची चटणी जास्त लागते," असं सगळं बोलणं वर्तमानकाळात चालायचं. इमिल, मार्लीन, कर्टिस आणि नात जोनी असे चौघं एकदम सामन्याला गेले असते, तर चारही खुर्च्या, इर्माचीसुद्धा, भरल्या असत्या. नेमकं तेच कुणाला नको होतं. म्हणून त्यांनी वार वाटून घेतले. इमिलचा बुधवार, जोनीचा शुक्रवार, कर्टिसचा शनिवार, मार्लीनचा रविवार. ज्याचा वार त्याने आपले मित्रमैत्रिणी न्यायचे आणि वही भरून आणायची.

पहिले दोन महिने सगळं नीट चाललं. मग एका रविवारी मार्लीन गाडी लावायला जागा शोधत शोधत शेजारच्या बंदिस्त मैदानापाशी पोचली. तिथं बायकांचा बास्केटबॉलचा संघ खेळायचा, लँटर्न्स, म्हणजे कंदील. बाहेर ही रांग! दहा वर्षांपूर्वी याच कंदिलांची तिकिटं किराणा दुकानात पावाबरोबर फुकट मिळायची आणि लोक पाव घेऊन तिकिटं परत करायचे. मार्लीन नुसती डोकावायला म्हणून आत गेली, ती घसा बसवूनच बाहेर आली. त्यानंतर रविवारची बेसबॉलची तिकिटं ती नोकरी करायची त्या दातांच्या दवाखान्यात, दाढ काढलेल्या पेशंटांना सांत्वनादाखल जाऊ लागली आणि वही फोनवर बघून भरली जाऊ लागली. कर्टिसचा जीव अमेरिकन फुटबॉलमध्ये. तो सुरू व्हायचा पानगळीत, पण त्यावर गॅरेजमध्ये वाद घालायला बारा महिने पुरत नसत. जोनी समुद्रापलीकडचा सॉकर बघायला पहाटे उठायची; बेसबॉलला तिला झोप यायची. तिघांनाही एकमेकांचं माहीत होतं. बाबांना कळता कामा नये, एवढंच ठरलं होतं. राक्षसाचा जीव पोपटात असावा तसा बाबांचा जीव त्या वहीत होता, असं मार्लीनचं ठाम मत होतं.

आणि आता पोपटाची मान कर्टिसने मुरगळली होती.

"बाबा," ती ओटा पुसत म्हणाली, "ते चार डाव ना..."

इमिलने टेबलाच्या खणातून खोडरबर काढला. मार्लीन बघतच राहिली. त्याने शांतपणे शेवटचे चार डाव खोडले, फुंकर मारून कचरा उडवला आणि वही मिटली.

"कॉफीत साखर घातलीस का गं?"

मार्लीन हादरली. एकतीस वह्यांत एकही चौकट खोडलेली नव्हती. स्वतःच्या घरी जाऊन तिने कर्टिसला धारेवर धरलं. "बाबांनी खोडलं! रबरानं! त्यांचं काहीतरी बिघडलंय, कर्टिस. डोक्याचं तरी नाहीतर मनाचं तरी."

"अगं, पण बुधवारची पानं बघ त्यांची," कर्टिस म्हणाला. "मोत्यासारखं अक्षर! चौऱ्याहत्तराव्या वर्षी हात असा चालतो, तो माणूस बिघडलेला असतो होय?"

हे खरं होतं. इमिलचं अक्षर जन्मभर कोंबडीने माती उकरावी तसं. गेल्या तीन वर्षांत मात्र बुधवारपुरतं ते विलक्षण सुधारलं होतं. दुःखाने माणूस नीटनेटका होतो, अशी मार्लीनने स्वतःची समजूत घातली होती.

दुसऱ्याच दिवशी क्लबचं पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी बगळा. गेल्या तीन वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवलेलं एकमेव कुटुंब म्हणून ह्राबाक कुटुंबाचा येत्या रविवारी भर मैदानात सत्कार होणार होता. मार्लीनने ते वाचून दाखवलं तेव्हा इमिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"आनंद झाला ना, बाबा?"

"फार," इमिल म्हणाला आणि खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळलाच.

मार्लीनने क्लबला फोन लावला. तिकडे कुणी मिस डेल्फीन ऑट होत्या. आवाजावरून सहा कप कॉफी पोटात असावी.

"वडिलांची तब्येत जरा नाजूक आहे हो," मार्लीन म्हणाली. "दुसऱ्या एखाद्या कुटुंबाचा सत्कार केलात तर?"

"दुसरं कुटुंबच नाही ना, मॅडम! तुमच्याखालोखाल नंबर आहे तो अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांचा. त्यांना फोन केला तर कळलं, ते मार्चमध्येच वारले. पुतण्या त्यांचं कार्ड दाखवून हॉटडॉग खात होता. बॅनर छापून झालाय, मॅडम. शिवाय तुमच्यासाठी एक गंमत आहे, ती सांगणार नाही!"

शनिवारी दुपारी जोनीने आईवडिलांची शिकवणी घेतली. मैदानात कुणी काही विचारलं तर निदान खेळाडू तरी ओळखता यायला हवेत.

"हा कोण?" तिने फोनवर फोटो दाखवला.

"तो... दाढीवाला," कर्टिस म्हणाला.

"पप्पा, सगळेच दाढीवाले आहेत."

"मग हा बिनदाढीचा कोण?"

"तो क्लबचा डॉक्टर आहे."

"देवा," मार्लीन म्हणाली, "आणि हा पुढचा, चेंडू टाकणारा पिचर ना आपला? हा गेल्या वर्षीच दुसऱ्या क्लबात गेला. आमच्या दवाखान्यात त्याची दाढ भरायची राहिलीये, म्हणून ठाऊक."

रविवार उजाडला. ऊन छान, चिलटं गेलेली. बारा हजारांच्या मैदानात हजारभर माणसं विरळ पेरल्यासारखी बसली होती. तीन वर्षांनंतर चौघं पहिल्यांदा मैदानात एकत्र आले होते आणि कुणीही चौदाव्या विभागाकडे बघत नव्हतं. चौघं हिरवळीवर उभे राहिल्यावर संघाचा, बगळ्याच्या वेषातला सोंगाड्या आपले पिसांचे पंख पसरून आला आणि त्याने इमिलला मिठी मारली. इमिल वही छातीशी धरून फाशीच्या तख्तावर उभा असल्यासारखा उभा होता.

"आणि आता," मिस ऑट माइकमध्ये ओरडल्या, "ह्राबाक कुटुंबाच्या तीन वर्षांच्या आठवणी! दर सामन्याला आमचा कॅमेरा प्रत्येक खुर्चीचा फोटो काढतो. खुर्चीचा नंबर टाकला की फोटो आपोआप निवडले जातात, माणूस लागतच नाही! बघा पडद्यावर!"

मार्लीनने कर्टिसचं मनगट पकडलं.

मोठ्या पडद्यावर पहिला फोटो आला. चौदाव्या विभागात चौघं ओळीने बसलेले. चौघांचेही गाल सुजलेले. दोघांनी गालावर बर्फाची पिशवी धरलेली.

हजारभर माणसं माना उंचावून बघू लागली.

दुसरा फोटो. कर्टिसच्या गॅरेजातले चार मेकॅनिक, पैकी एक तोंड उघडं टाकून झोपलेला. तिसऱ्यात चार मुली, चौघींची डोकी फोनमध्ये. त्यांतल्या एकीने तर मैदानाकडे पाठ केली होती.

"मोठं... मोठं कुटुंब आहे हं तुमचं," मिस ऑट चाचरत म्हणाल्या.

मार्लीनने डोळे मिटले. संपलं. आता बाबा बघणार, बाबांना कळणार. तिने एक डोळा किलकिला केला. इमिल पडद्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

तेवढ्यात चौथा फोटो आला. बुधवार. पांढरे पदर डोक्यावरून घेतलेल्या चार नन्स. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या सिस्टरच्या मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, तोंडात हॉटडॉग.

मार्लीनला ती वही ओळखू आली. ते अक्षरही.

"बाबा?"

इमिलने बूट बघणं चालूच ठेवलं. पडदा बंद झाला. आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या बंदिस्त मैदानातून एक गर्जना उठली. आठ-नऊ हजार घशांची. छप्पर उडतंय की काय असं वाटायला लावणारी.

इमिलची मान गर्रकन तिकडे वळली.

"दहा नंबरच्या पोरीनं मारला असणार," तो अभावितपणे म्हणाला. "दूरवरून."

"छे, दहा नंबरचा घोटा मुरगळलाय," मार्लीन तितक्याच अभावितपणे म्हणाली. "ती आज बाकावर..."

दोघंही थांबले. मिस ऑटचा माइक त्यांच्या मधोमध होता, आणि बाईंना तो खाली करायचं भान उरलं नव्हतं.

"तुला काय माहीत तिचा घोटा?" इमिलने विचारलं. मैदानभर चौदा कर्ण्यांतून तो प्रश्न घुमला.

"तुम्हाला काय माहीत तिचा दहा नंबर?"

"मी... बुधवारी जातो."

"मी रविवारी."

"कुठं बसतेस?"

"बास्केटच्या मागं. वरच्या बाजूला."

"अगं, मी त्याच्याच खाली! ढोलवाल्याशेजारी." इमिलचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. "म्हणजे तू इथं येत नव्हतीस? मला वाटलं, आईसारखाच तुझा जीव आहे यात. तुझं मन मोडू नये म्हणून मी त्या बिचाऱ्या सिस्टरला..."

"माझं मन? मी तुमच्यासाठी फोनवर बघून पानं भरतेय तीन वर्षं! मग परवा ते रबरानं का खोडलंत?"

"नाहीतर काय करू? कर्टिसला विचारलं असतं तर त्यानं मला विचारलं असतं. चोराच्या घरी चोराची चौकशी करायची कशी?"

"मला तर वाटलं होतं तुम्हा दोघांचाही जीव आहे," कर्टिस म्हणाला. "मी घाबरून होतो, बाबा."

पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग दुसरं. बगळ्याचा सोंगाड्या आपलं पिसांचं डोकं काढून हातात घेऊन उभा होता; आत एक टकला, घामेजलेला माणूस होता आणि तो मान डोलावत होता.

"मग आजोबा," जोनीने विचारलं. "आपल्यातलं कुणीच येत नाही, कुणालाच बघायचं नाही. तर ही वही भरतोय कुणासाठी आपण?"

हसणं थांबलं. मार्लीनने झटकन लेकीचा हात दाबला, पण प्रश्न चौदा कर्ण्यांतून आधीच निघून गेला होता. तो फिरत फिरत चौदाव्या विभागावरून, 'क' रांगेवरून गेला. तिथल्या चारही खुर्च्या आज रिकाम्या होत्या.

इमिलने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वही उघडून त्या शनिवारच्या पानावर आला. खोडलेल्या चार डावांच्या शेजारी, कोंबडीने माती उकरावी तशा अक्षरात, त्याने 'चुकलं' असं लिहिलं आणि वही मिटली.

"इर्मा गेली," तो म्हणाला. माइकमध्ये नव्हे, मार्लीनकडे बघून. पण ऐकू सगळ्यांना गेलं. "तीन वर्षं झाली गं. आणि ती शेजारी नसली ना, की हा खेळ फार लांबतो."