अदलाबदलीचा दिवस

"म्हणजे तुमच्या मुलांना त्यांचा गणवेश, आणि त्यांच्या मुलांना तुमचा?" गुरुजींच्या बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"शेजारच्या प्राचार्याबाईंच्या."

"तरीच," ती म्हणाली आणि सदऱ्याची कॉलर जरा जास्तच दाबली.

गुरुजी सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते, एकमेव शिक्षक होते, आणि घंटा बिघडली की घंटाही तेच होते. शाळा म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात चार इयत्ता चार कोपऱ्यांत बसत आणि गुरुजी मध्ये गरगर फिरत. भिंतीपलीकडे खाजगी शाळा होती, दर्शनी बाजूला काचच काच, मागे पोहण्याचा तलाव. दोन्ही शाळांचे संबंध वर्षानुवर्षं चेंडूपुरते होते. तिकडून चेंडू यायचा, इकडून परत जायचा. यंदा मात्र खाजगी शाळेला शैक्षणिक सहकार्याचा पुरस्कार हवा होता आणि त्यासाठी जवळच्या सरकारी शाळेशी भागीदारी असणं सक्तीचं होतं. त्यामुळे प्राचार्याबाईंना अचानक भिंतीपलीकडचं दिसू लागलं.

गुरुजींना होकार द्यावा लागला, कारण त्यांचंही घोडं अडलेलं होतं. पट घसरत चालला होता. तपासणीला बाकं रिकामी दिसली तर शाळेला कुलूप, असं खात्याने स्वच्छ कळवलं होतं. दुसरी सरकारी शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. तिथे निम्म्या मुलींना घरचे पाठवणार नाहीत, हे गुरुजींना घरोघरी फिरून पक्कं ठाऊक झालं होतं. अशा वेळी बड्या शेजाऱ्याशी गोडीत राहावं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

गणवेशाची कल्पना बाईंची. "पुरस्काराच्या समितीला भेदभाव दिसता कामा नये," त्या म्हणाल्या. "तुमची मुलं आमच्या वेशात आमच्याकडे, आमची चौथी तुमच्या वेशात तुमच्याकडे. समता अशी डोळ्यांना दिसली पाहिजे."

शिंप्याने बाईंच्या चौथीसाठी सरकारी शाळेचे निळे गणवेश शिवले. ते फार नवे दिसतात म्हणून बाईंनी परत पाठवले. शिंप्याने ते सोड्यात उकळले, उन्हात टाकले आणि एकाला स्वतःच्या हौसेने कोपराशी ठिगळ लावलं. ते ठिगळ बाईंना इतकं आवडलं, की त्यांनी सगळ्यांनाच लावून घेतलं.

ठरल्या दिवशी गुरुजींची मुलं टाय लावून ओळीने फाटकातून बाहेर पडली. एकीने वळून हात हलवला आणि गुरुजी ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. एकदा ती काचेची शाळा पाहिल्यावर ही पोरं परत कशाला येतील? त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात पलीकडची चौथी ठिगळं मिरवत आत शिरली. चष्मा लावलेल्या एका मुलीने खोलीभर नजर फिरवून विचारलं, "सर, एसी कुठेय?"

"आज बंद आहे," गुरुजी म्हणाले.

मुलं पाढ्यांना रुळतायत न रुळतायत तोच दारात खात्याचे साहेब उभे राहिले. तपासणी पुढच्या आठवड्यात होती. पण पुढच्या आठवड्यात साहेबांच्या मेहुणीचं लग्न निघालं होतं.

साहेबांनी भरलेली बाकं पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. कुलपाचा शेरा ते मनात लिहूनच आले होते. "बरीच मुलं आहेत की हो," ते संशयाने म्हणाले आणि पहिल्याच बाकावर वाकले. "बाळ, वडील काय करतात?"

"कंपनी चालवतात."

"कंपनीत गाडी चालवतात?"

"नाही, कंपनीच चालवतात. गाडी चालवायला दुसरे काका आहेत."

साहेब पुढच्या बाकाकडे वळले. तिथे आई डॉक्टर निघाली, मागच्या बाकावर वडील बिल्डर निघाले. चष्मेवाली म्हणाली, "आमच्या तिसऱ्या घराचं काम चालू आहे, म्हणून आम्ही सध्या दुसऱ्यात राहतो." साहेबांनी तिच्या कोपरावरच्या ठिगळाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, सगळीकडे सरकारी शाळेतली मुलं खाजगीत पळतायत. तुमच्याकडे गंगा उलटी वाहतेय. केलंत तरी काय?"

ही मुलं माझी नव्हेत, असं सांगावं तर शाळेत एकही मूल नाही असं होत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुरुजी खोटं बोलले नाहीत, पण खरं बोलायला त्यांनी तोंडही उघडलं नाही. साहेबांना तो विनय वाटला.

"आदर्श शाळा म्हणून वर कळवतो," साहेब भारावून म्हणाले. "आणि चला, त्या शेजारच्या काचवाल्यांना जरा भेटू. त्यांचं तोंड बघायचंय मला."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेब निघालेसुद्धा.

पलीकडे पुरस्कार समिती चहा घेत होती. समितीचे अध्यक्ष म्हातारे, गुडघ्यांनी अधू. ते पायऱ्या चढताना टाय लावलेली दोन मुलं न सांगता धावली होती आणि त्यांनी हात धरून त्यांना वर आणलं होतं. बसायला सांगितल्यावर मुलांनी आधी बाकं पुसली. खाऊ मिळाल्यावर त्यातला अर्धा घरच्या धाकट्यांसाठी रुमालात बांधला. अध्यक्षांचे डोळे भरून आले होते.

"बाई, कुठल्याही श्रीमंत शाळेत मी हे पाहिलं नाही. हे संस्कार तुम्ही कसे रुजवलेत?"

भागीदार शाळेची मुलं ती हीच, हे सांगायची वेळ नेमकी ती होती. बाईंनी मान किंचित झुकवली. "आमची परंपराच आहे ती," त्या म्हणाल्या.

इतक्यात साहेब आणि त्यांच्यामागे गुरुजी आत आले. टाय लावलेला सगळा वर्ग खाडकन उभा राहिला आणि एका सुरात ओरडला, "नमस्ते गुरुजी."

"यांना कसे ओळखतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमची मुलं सगळ्याच वडीलधाऱ्यांना गुरुजी म्हणतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाईंनी आणि गुरुजींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि भागीदारी खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली.

मग अध्यक्षांना भागीदार शाळेची गरीब मुलं बघायची लहर आली. साहेब चहापाशी रमले, बाकीचे भिंतीला वळसा घालून अलीकडे आले. मागे गुरुजी नाहीत म्हटल्यावर चौथीने नळाखाली चिखल केला होता आणि त्यात धरण बांधायला घेतलं होतं. चष्मेवाली कोपरापर्यंत बरबटली होती.

"बाळ, तुला त्या मोठ्या शाळेत जायला आवडेल का गं?" अध्यक्षांनी मायेने विचारलं.

"अजिबात नाही," ती ठामपणे म्हणाली. "मी इथेच राहणार."

"काय स्वाभिमान आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुरस्कार तिथल्या तिथे जाहीर करून टाकला.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण दोन्हीकडे खोटं यशस्वी झालं होतं, आणि यशस्वी झालेलं खोटं निस्तरता येत नाही. साहेबांचे वरिष्ठ आदर्श शाळा बघायला येणार होते, त्यांना हीच मुलं हवी होती. पुरस्कार समारंभात अध्यक्षांना तीच संस्कारी मुलं मंचावर हवी होती. तेव्हा अदलाबदल थोडे दिवस चालू ठेवायची, असं भिंतीपाशी उभ्या उभ्या ठरलं.

खरी धास्ती होती चौथीच्या पालकांची. दुसऱ्याच दिवशी सकाळी गुरुजींच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागली. गुरुजी मान खाली घालून सामोरे गेले.

"आदर्श शाळा म्हणे तुमची," कंपनी चालवणारे वडील म्हणाले. "पोरगा काल प्रथमच न सांगता जेवला आणि झोपला. त्याला इथेच ठेवायचं म्हणतो."

"अहो, एकच खोली आहे," गुरुजी कळवळून म्हणाले. "सगळी मुलं मावायची नाहीत."

"म्हणजे जागा मोजक्याच?"

"मोजक्याच."

हा शब्द गाड्यांच्या रांगेतून मागे सरकत गेला. संध्याकाळच्या आत सगळ्या चौथीने नावं दाखल केली, आणि चष्मेवालीच्या आईने पाळण्यातल्या मुलाचंही दाखल केलं.

इकडे गुरुजींच्या मुलांचे आईबाप, आमच्या पोरांची बाकं गेली म्हणत, बाईंकडे गेले. ज्यांना त्यांनीच अध्यक्षांपुढे या शाळेची परंपरा म्हटलं होतं, त्यांना बाई बाहेर काढणार कशा? त्यांना फी माफ करून आत ठेवावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुजींची शाळा वाचली. पट भरला. आणि गुरुजींना जेवण जाईना.

"आता काय झालं?" बायको म्हणाली. "बाकं भरली ना?"

"भरली. पण ती हात वर करतात ना, तेव्हा मी भलतीच नावं घेतो." गुरुजींनी ताट सरकवलं. "माझी पोरं भिंतीपलीकडे आहेत. मधल्या सुट्टीत आवाज ओळखू येतो एकेकाचा."

बाईंचीही रड निराळी नव्हती. समारंभाच्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना गाठलं आणि आपली चौथी परत मिळेल असं काहीतरी करा, असं आडून आडून सुचवलं. अध्यक्षांनी ऐकलं ते एवढंच, की बाईंना भिंतीपलीकडच्या मुलांची फार ओढ आहे. ते गहिवरले. माईक हातात होताच.

"ही भागीदारी मुलांपाशीच का थांबावी?" त्यांनी विचारलं. "बाईंनी त्या वंचित शाळेत जाऊन शिकवावं. आदर्श गुरुजींनी या शाळेत यावं. साहेब, खात्याची हरकत नाही ना?"

साहेब टाळ्या वाजवत होते. पुरस्काराची ढाल बाईंच्या हातात होती, त्यामुळे त्यांना हात हलवून नाही म्हणता आलं नाही.

नव्या आठवड्यात गुरुजी काचेचं दार ढकलून आत गेले. उन्हाने भरलेल्या खोलीत त्यांची मुलं बसली होती, एकूण एक. मागे प्रयोगशाळा होती, खिडकीखाली तलाव होता. मुलं उभी राहिली आणि गुरुजींनी हजेरी घेतली, एकही नाव चुकलं नाही. भिंतीपलीकडून प्राचार्याबाईंचा आवाज येत होता. त्या आपल्या चौथीला नळापासून दूर व्हायला सांगत होत्या.

रात्री गुरुजी दोन घास जास्त जेवले. बायकोने सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"म्हणजे मुलं तीच आणि मास्तरही तेच," ती म्हणाली. "तिकडेही चौथी तीच, बाई त्याच. मग बदललं काय?"

"इमारती."

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप? सरळ इमारतीच बदलून मागायच्या होत्या."

"सरळ मागितल्या असत्या तर," गुरुजी ताक ओतून घेत म्हणाले, "कुणी दिल्या असत्या का?"